कानाच्या पडद्याचं ऑपरेशन: मुंबईत पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे कान वाहणं हा आजार मानलाच जात नाही. लहानपणी सर्दी झाली की कान फुटायचा, महिनाभर कापसाचे बोळे चालायचे, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. माणूस चाळिशीला येतो तोवर घरच्यांनाही सवय झालेली असते. त्याच्या डाव्या बाजूला बसून कोणी बोलत नाही, टीव्हीचा आवाज वाढलेला असतो, फोन नेहमी उजव्याच कानाला. माझ्या आईचं अगदी असंच होतं. तिचं ऑपरेशन झाल्यापासून नात्यातली आणि शेजारपाजारची माणसं मला विचारायला येतात, काहींबरोबर मी ओपीडीतही जाऊन बसते. मी डॉक्टर नाही. पण नव्या माणसाला कुठे काय विचारायचं हे सुचत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या ऑपरेशनचा पहिला हेतू कान कोरडा आणि सुरक्षित करणं हा असतो. ऐकू येणं सुधारणं हा दुसरा. हा क्रम ज्यांना आधीच कळतो ते नंतर समाधानी असतात. "पडदा बसवला की सगळं पूर्वीसारखं ऐकू येईल" एवढंच मनात धरून आत जाणारी माणसं पडदा छान बसूनही हिरमुसलेली मी पाहिली आहेत. त्यांना किती ऐकू येणार हे त्यांच्या रिपोर्टमध्ये आधीच लिहिलेलं होतं, फक्त कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

भोक कसलं आहे ते आधी कळू द्या

कानाचा पडदा जेमतेम एक सेंटीमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो. त्यामागे तीन हाडांची साखळी असते: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, साधारण तीन मिलिमीटरचं. पडद्यावर आलेला आवाज ही साखळी आतल्या कानापर्यंत पोचवते. त्यामुळे "पडदा फाटलाय" म्हटलं तरी नुसता पडदा गेला की साखळीही तुटली, हा प्रश्न उरतोच.

अचानक झालेलं भोक वेगळं. थप्पड, जवळ फुटलेला फटाका, कानात इअरबड असताना लागलेला धक्का, कानाच्या बाजूने पाण्यात आपटणं, अशा कारणांनी फाटलेला पडदा बहुतेक वेळा आपला आपण भरून येतो, काही आठवड्यांत किंवा फार तर तीनेक महिन्यांत. कान कोरडा ठेवायचा, आत काही घालायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवत राहायचं. माझ्या पुतण्याला शिवाजी पार्कात खेळताना कानावर चेंडू लागला होता. त्याचा पडदा असाच भरला, ऑपरेशन लागलंच नाही. असं भोक पडल्या-पडल्या लगेच ऑपरेशनची तारीख मिळाली, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. मात्र मार लागल्यावर गरगरायला लागलं किंवा एकदम ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दाखवायचं, थांबायचं नाही.

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानातलं भोक मात्र आपोआप बुजत नाही. त्याच्या कडा पक्क्या झालेल्या असतात. अशा कानांचे डॉक्टर बोलीभाषेत दोन प्रकार सांगतात, 'सेफ' आणि 'अनसेफ'. सेफ कानात भोक पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागात असतं आणि सर्दी झाली की पातळ, चिकट पाणी येतं. अनसेफ कानात पडद्यामागे कातडीचा थर साचत जातो. त्याला कोलेस्टेटोमा म्हणतात, आणि तो आसपासचं हाड हळूहळू खात जातो. यात पू थोडाच येतो पण त्याला घाण वास असतो, आणि दुखत नसल्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. या कानाबाबत चालढकल करू नये, कारण आजार चेहऱ्याच्या नसेपर्यंत, आतल्या कानापर्यंत, अगदी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. तोंड एका बाजूला वाकडं होणं, कानामागे सूज, तापाबरोबर जबरदस्त डोकेदुखी, चक्कर आणि उलट्या, यांपैकी काही दिसलं तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा.

पहिली भेट

मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, म्हणजे परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर आणि विलेपार्ल्याचं कूपर, नाक-कान-घसा विभाग आहे. भायखळ्याचं जेजे राज्य सरकारचं. ओपीडी सकाळची असते आणि केस पेपरच्या खिडकीवर रांग लागते, त्यामुळे लवकर पोचणं बरं. पहिल्या दिवशी ऑपरेशन होत नाही, तारीखही बहुधा मिळत नाही. तपासणी, औषधं, ऐकण्याची चाचणी, पुन्हा तपासणी असा तो प्रवास असतो. नोकरीवरून अर्धा दिवस काढून येणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

जाताना जुने कागद न्या, विशेषतः आधीचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचे आलेख) आणि पूर्वी ऑपरेशन झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. मधुमेह, ब्लडप्रेशर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, कुठल्या औषधाची ॲलर्जी, तंबाखू-सिगरेट हे न विचारता सांगा. आणि जाण्यापूर्वी कान 'साफ' करू नका. आत काय साचलंय हे पाहूनच निदान होतं. तेल तर कधीच नको. पडद्याला भोक असताना गरम तेलाचे थेंब थेट मधल्या कानात जातात. स्टेशनबाहेर बसणाऱ्या कान कोरणाऱ्यांच्या हाती कान देणंही आजपासून बंद.

थेंबांबद्दल एक अगदी महत्त्वाचं. जेंटामायसिन, निओमायसिन या गटातली औषधं असलेले थेंब भोकातून आतल्या कानापर्यंत पोचले तर तिथल्या ऐकण्याच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात, आणि ती इजा भरून येत नाही. म्हणून शेजाऱ्यांकडची अर्धी बाटली, मेडिकलवाल्याने "हे चांगलं चालतं" म्हणून दिलेली बाटली, दोन्ही नको. कान तपासलेल्या डॉक्टरांनी लिहून दिले तेवढेच थेंब, तेही सांगितले तेवढेच दिवस.

ऑडिओग्राम वाचायला शिका

सगळ्या कागदांत हा एक कागद नीट समजून घ्या. आवाजबंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, बारीक होत जाणारे आवाज ऐकवतात. आवाज कळला की बटण दाबायचं. मग कानामागच्या हाडावर एक छोटी कंप देणारी वस्तू ठेवून तीच चाचणी पुन्हा घेतात. घाई करू नका, आणि "आला असेल" म्हणून अंदाजाने बटण दाबू नका.

कागदावर आडव्या रेषेत आवाजाची पट्टी असते, डावीकडे २५० हर्ट्झचा घोगरा आवाज, उजवीकडे ८००० हर्ट्झचा किनरा. उभ्या बाजूला डेसिबल. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. मोठ्या माणसात साधारण २५ डेसिबलपर्यंत ठीक धरतात. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. ही झाली हवेतून येणाऱ्या आवाजाची रेघ. हाडावरून घेतलेल्या चाचणीच्या खुणा वेगळ्या असतात, छोट्या बाणांसारख्या किंवा कंसासारख्या.

आता या दोन रेघांमधलं अंतर पाहा. हाडावरची चाचणी पडदा आणि साखळी टाळून थेट आतल्या कानाची ताकद दाखवते. हवेची रेघ तिच्यापेक्षा जितकी खाली, तितका दोष पडद्याचा किंवा साखळीचा. ऑपरेशन भरून काढू शकेल ते एवढंच अंतर. हाडाची रेघ मुळातच खाली असेल तर ती कुठल्याही ऑपरेशनने वर येत नाही.

समजा एका बाईंची हवेची रेघ ५० डेसिबलवर आहे आणि हाडाची १५ वर. अंतर ३५. यांना आशा धरायला भरपूर जागा आहे, आणि अंतर एवढं असलं की डॉक्टरही साखळीची शंका घेतात, कारण नुसत्या लहान भोकाने सहसा इतकं ऐकणं जात नाही. दुसऱ्या गृहस्थांची हवेची रेघ ७० वर, हाडाची ५० वर. यांचा पडदा उत्तम बसला तरी श्रवणयंत्र लागणारच. मग ऑपरेशन कशाला, असा प्रश्न पडेल. वाहत्या कानात श्रवणयंत्राचा साचा घातला की पू कोंडतो, कान आणखी बिघडतो आणि यंत्रही. कान कोरडा झाला की यंत्र सुखाने वापरता येतं. हे आधी सांगितलं की माणसं ऑपरेशनला तयारही होतात आणि नंतर निराशही होत नाहीत.

ऐकण्याची चाचणी आणि श्रवणयंत्र यांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. मोबाइलवरच्या ॲपने किंवा शिबिरातल्या गोंगाटात घेतलेल्या चाचणीवर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. डॉक्टरांना थेट विचारा: "माझं अंतर किती आहे, आणि त्यातलं किती भरून येईल असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न कुठल्याही डॉक्टरांना आवडतो.

तारीख कशी ठरते

सेफ कान असेल तर बहुतेक सर्जन आधी तो औषधांनी काही आठवडे कोरडा करून घेतात. नाकाकडेही बघतात, कारण मधला कान एका नळीने घशाच्या वरच्या भागाला जोडलेला असतो. सतत चोंदलेलं नाक, ॲलर्जी, सायनस, मुलांमधले ॲडिनॉइड (नाकामागची वाढलेली गाठ) हे तसेच राहिले तर नवा पडदा पुन्हा त्याच संकटात सापडतो. सिगरेट ओढणाऱ्यांचा पडदा धरण्याचं प्रमाण कमी असतं. सिगरेट तारीख मिळाल्यावर नव्हे, त्याआधीच सोडायची.

मुलांच्या बाबतीत पुष्कळ डॉक्टर सात-आठ वर्षांपर्यंत थांबतात, कारण लहान वयात सर्द्या फार होतात. अनसेफ कानाला मात्र वयाचं कारण चालत नाही. दोन्ही कान खराब असतील तर साधारणपणे जास्त खराब कान आधी करतात.

सवड असेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्यावी, असं माझं मत. मुंबईचा पावसाळा म्हणजे ओले केस, दमट हवा आणि कानात बुरशी. पण हे फक्त सेफ कानाबद्दल. अनसेफ कानाने जुलै-ऑगस्ट बघत बसू नये. त्यात हाड किती खाल्लं गेलंय हे पाहायला सीटी स्कॅनही लागतो. साध्या भोकाला तो प्रत्येक वेळी लागत नाही, तेव्हा सांगितला तर कारण विचारा.

आत काय करतात

१९५०च्या दशकात जर्मनीत वुल्स्टाइन आणि झोलनर या सर्जनांनी ही शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपखाली पद्धतशीर रुळवली. वुल्स्टाइनचे पाच प्रकार आजही फायलीत 'टाइप १' वगैरे लिहिलेले दिसतात. टाइप १ म्हणजे साखळी शाबूत आणि फक्त पडदा बसवला.

नवा पडदा बाहेरून आणत नाहीत. कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ पांढरं आवरण असतं, त्याचा तुकडा काढतात. कधी कानाच्या पुढच्या टोकाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, वापरतात, ती जरा जाड असल्याने टिकाऊ. भोकाच्या जुन्या कडा खरवडून ताज्या करतात, तुकडा बहुधा आतल्या बाजूने लावतात आणि तो जागेवर राहावा म्हणून विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे भरतात. साखळी तुटली असेल तर कूर्चा, स्वतःचंच हाड किंवा टायटॅनियमचा छोटा भाग बसवतात. आजार कानामागच्या हाडात पसरला असेल तर ते हाड ड्रिलने कोरून साफ करतात, त्याला मास्टॉइडचं ऑपरेशन म्हणतात. काही सर्जन कानामागे चीर देतात, काही कानाच्या बाहेरच्या नळीतूनच दुर्बिणीने करतात. साधा पडदा एक-दोन तासांत होतो, मास्टॉइडला जास्त वेळ. भूल पूर्ण किंवा फक्त त्या जागेपुरती, दोन्ही चालतात.

अनुभवी हातांत साध्या भोकाचा पडदा शंभरातल्या ८५ ते ९५ जणांत धरतो. धोक्यांबद्दलही विचारा. पडदा न धरणं, जिभेची चव काही आठवडे किंवा महिने धातूसारखी लागणं, चक्कर, कानात शिट्टी वाजणं. क्वचित आतल्या कानाला इजा होऊन ऐकणं कमी होतं, आणि फार क्वचित चेहऱ्याच्या नसेला धक्का लागतो. सही करण्याआधी हे मराठीत समजावून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पैशांचं

पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत खर्च बराच कमी येतो, पण काही सामान बाहेरून आणायला सांगतात. यादी आधी मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर जा. तुमच्या ऑपरेशनचा प्रकार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का आणि मंजुरी कधी मिळेल हे तिथे कळतं. ही मंजुरी ऑपरेशनआधी मिळवायची असते. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला दाखवून विचारायला लाजू नका.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतली प्रतीक्षा मुदत बघा. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांच्या यादीत असतं, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढा काळ त्याचा खर्च मिळत नाही. खासगी रुग्णालयात अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि टायटॅनियम लागलं तर त्याची किंमत धरली आहे का ते पाहा.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या रात्री केस स्वच्छ धुवा, नंतर बरेच दिवस मनासारखे धुता येणार नाहीत. सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहा, पाणीसुद्धा विचारून. कानातलं, चमकी, मंगळसूत्र घरीच. पुढून बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन घाला, कारण डोक्याभोवती पट्टी असताना टी-शर्ट काढता-घालता येत नाही. कानावरचे थोडे केस कापतील, त्याने घाबरू नका. घरी जायला टॅक्सी ठरवून ठेवा. लोकलचा विचारही नको.

पुढचे सहा आठवडे

सर्जनचं काम संपलं, आता पडदा तुमच्या हातात.

पट्टी पहिल्या एक-दोन दिवसांत निघते, टाके साधारण आठवड्याने. कान भरलेला असल्याने ऐकू आणखी कमी येतं, आत पाण्यासारखं वाजतं, गाल हलवला की टकटक होते. माझी आई दुसऱ्याच दिवशी "होतं तेही गेलं" म्हणून रडायला लागली होती. हे सगळ्यांचं होतं, स्पंज विरघळेपर्यंत असंच राहणार. कानाची वरची पाळी काही महिने बधिर लागते, तीही हळूहळू जागी होते. पट्टीवर थोडं लालसर पाणी येणंही चालतं.

नाक शिंकरायचं नाही. हा सगळ्यांत मोठा नियम. नाक शिंकरलं की हवेचा दाब घशाकडच्या नळीतून थेट नव्या पडद्यावर येतो. सर्दी झाली तर पुसायचं, डॉक्टरांना कळवायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, नाक-तोंड दाबून धरायची नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानेही दाब येतो. पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, बाळ उचलणं काही आठवडे दुसऱ्यांकडे.

आंघोळीचं असं करा. कापसाचा घट्ट बोळा करा, त्याला बाहेरून व्हॅसलीन चोपडा आणि कानाच्या तोंडाशी ठेवा, आत खुपसू नका. डोक्यावरून पाणी ओतायचं नाही, खांद्यापासून खाली. टाके निघेपर्यंत केस धुणं बंद, नंतर कोणी तरी मागे डोकं धरून धुवून द्यावेत, ब्यूटी पार्लरमध्ये धुतात तसे. आंघोळीनंतर बोळा काढून टाका, ओला बोळा कानात ठेवू नका. पोहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

गर्दीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. विरार फास्टमध्ये कोपर नेमकं कानावर बसतं. कार्यालयात दोन आठवड्यांची रजा मिळाली तर घ्या, नंतरही काही दिवस गर्दीची वेळ टाळा. झोपताना दुसऱ्या कुशीवर, डोकं जरा उंच. विमानप्रवास साधारण सहा आठवडे तरी नको, गावी जायचं असेल तर रेल्वेने जा. गणपती किंवा लग्नाचा सीझन मध्ये आला तर ढोल-ताशा आणि डीजेपासून लांब राहा. तंबाखू आणि सिगरेट अजूनही बंदच.

पू येऊ लागला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला, खोली फिरल्यासारखी चक्कर आली, डोळा मिटेना किंवा तोंड वाकडं वाटलं, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

निकाल

कान आतून भरून यायला वेळ लागतो, म्हणून नवा ऑडिओग्राम बहुधा तीनेक महिन्यांनी काढतात. त्याआधी "आता किती ऐकू येतं" म्हणून घरात घड्याळ कानाला लावून परीक्षा घेऊ नका. नवा कागद जुन्याशेजारी ठेवा, दोन रेघांमधलं अंतर किती कमी झालं ते तुम्हालाच दिसेल.

पडदा धरला नाही तर तो पुन्हा बसवता येतो, साधारण सहा महिन्यांनंतर, आणि तेव्हा बहुधा कूर्चा वापरतात. पहिल्यांदा का धरला नाही हे मात्र आधी शोधायला हवं: नाक, ॲलर्जी, तंबाखू, की राहून गेलेला आजार. अनसेफ कानाचं ऑपरेशन झालेल्यांनी बरं वाटतंय म्हणून तपासणी सोडू नये, कोलेस्टेटोमा काही वर्षांनीही परत येतो. मास्टॉइडची मोठी पोकळी केली असेल तर ती ठराविक काळाने डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते, दर वर्षी तरी एकदा. दुसराही कान करायचा असेल तर पहिला पूर्ण बरा झाल्याचं सर्जननी सांगितल्यावरच त्याची तारीख मागा. आणि सगळे ऑडिओग्राम एका प्लॅस्टिकच्या फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना पहिल्यांदा तेच लागतात.